रविवारी मी विद्यार्थी असतो

शेतीच्या पानावर वाद्याची गोष्ट कशाला, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. पण गेलं सव्वा वर्ष दर रविवारी सकाळी मी जे करतोय, ते माझ्या नोकरीच्या कामाशी, म्हणजे मोठ्या माणसांना काही शिकवण्याच्या कामाशी, इतकं जवळचं निघालं की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

मी कृषी खात्यात गावपातळीवर काम करतो. पदविका घेऊन नोकरीला लागलो त्याला चौदा वर्षं झाली. वय छत्तीस. आणि या वयात मी युकुलेले शिकतोय. नाव ऐकून हसलात तरी हरकत नाही, आमच्या घरीही हसले. गिटारीचं धाकटं भावंड म्हणा. लांबी साधारण २१ इंच, तारा चार, त्याही नायलॉनच्या. काखेत मारून एसटीत चढता येतं.

झालं असं की मुलीच्या मामानं तिला पुण्याहून हे वाद्य आणलं. मुलगी पाचवीत. सांगलीत रविवारी वर्ग भरतो असं कळलं. गावापासून अठरा किलोमीटर, तेव्हा सोडायला-आणायला मीच. मे महिन्यातला पहिला रविवार. घराच्या गच्चीवर पत्र्याचं छप्पर, खाली सतरंजी. शाळकरी पोरं पाच, कॉलेजच्या मुली दोन, एक नर्सताई आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. शिकवणारी मुलगी चोवीस-पंचवीसची, सगळे तिला ताईच म्हणतात. मी पायऱ्यांवर पेपर वाचत बसलो होतो. ती म्हणाली, ‘‘दादा, तासभर नुसते बसणार का? एक जादाचं आहे, घ्या हातात.’’ घेतलं. तसे आम्ही अकरा झालो.

पहिली दहा मिनिटं नुसती तारा जुळवण्यात जातात. नवीन नायलॉनची तार ताणत राहते, त्यामुळं सुरुवातीचे आठ-दहा दिवस लावली की उतरते, लावली की उतरते. आता मोबाईल सूर दाखवतो, कान तयार नसला तरी निभतं. भजनात पेटी वाजवणाऱ्यांना सांगायचं तर पांढरी एकचा सा धरावा, म्हणजे चार तारांचे सूर वरून खाली प, सा, ग, ध असे येतात. चारीही मोकळ्या सोडून हात फिरवला तर निघणारे सगळे सूर भूपातले. पहिल्याच दिवशी, काहीही येत नसताना, कानाला गोड लागतं ते त्यामुळं. गंमत म्हणजे सगळ्यात वरची तार जाड नसते. ती खालच्या दोघींपेक्षा उंच सुरात असते. गिटार येणारा माणूस तिथंच फसतो.

दोन-तीन सूर एकदम वाजवायचे, त्याला कॉर्ड म्हणतात. आपल्या गाण्यात ही पद्धत नाही, म्हणून प्रथम अवघड वाटतं. पण सी नावाची कॉर्ड एका बोटाची आहे. अनामिका सगळ्यात खालच्या तारेवर तिसऱ्या पडद्याच्या घरात ठेवायची. ध चा वरचा सा होतो, बाकीच्या तारा मोकळ्या, की झाली सा-ग-प ची जुळणी. बोट पडद्यावर नाही, पडद्याच्या जरा अलीकडं दाबायचं. पडद्यावरच दाबलं तर आवाज बसतो. हे मला ताईनं नाही, मुलीनं दाखवलं.

आता ऊस लावणाऱ्या तुम्हा मंडळींसाठी. हे वाद्य हवाई बेटांचं म्हणून जगात ओळखलं जातं, पण तिथं ते पोचलं उसामुळं. पोर्तुगालच्या ताब्यातल्या मदैरा बेटावर द्राक्ष हे मोठं पीक होतं. १८५१ च्या सुमारास तिथल्या बागांवर भुरी आली. भुरी म्हणजे काय हे तासगावकडच्या माणसाला मी सांगायला नको. त्यातून बागा सावरतात तोवर १८७२ मध्ये फिलॉक्सेरा ही मुळांवर जगणारी, माव्याच्या जवळच्या कुळातली कीड आली. वेली मुळापासून बसल्या आणि माणसं बेट सोडू लागली. त्याच सुमारास हवाईत उसाचे मळे वाढत होते, मजूर हवे होते. रेव्हन्सक्रॅग नावाचं जहाज मदैराहून चारशेवर माणसं घेऊन निघालं आणि चार महिन्यांनी, ऑगस्ट १८७९ मध्ये, होनोलुलूला लागलं. करार उसाच्या मळ्यात राबण्याचा होता. त्या माणसांत मॅन्युएल नुनेश, ऑगुस्तो दियाश आणि जुझे दु एश्पिरितु सान्तु हे तिघं सुतारकाम करणारे होते. मदैरात माशेत नावाचं चार तारांचं छोटं वाद्य होतं, ते या मंडळींच्या सामानात होतं. पुढं या तिघांनी होनोलुलूत दुकानं थाटली आणि तिथल्या कोआ नावाच्या लाकडात हे वाद्य घडवायला सुरुवात केली. तिथला राजा कालाकौआ याला ते आवडलं, त्यानं दरबारी नाचगाण्यात त्याला जागा दिली. नावाचा अर्थ विचाराल तर ‘उड्या मारणारी पिसू’. तारांवर बोटं इतकी भरभर उडतात म्हणून, असं सांगतात. म्हणजे किडीनं हाकललेल्या माणसांच्या वाद्याला नावही किडीचंच मिळालं.

हवाईतला ऊस मात्र संपला. माउई बेटावरचा शेवटचा साखर कारखाना २०१६ च्या डिसेंबरात बंद झाला.

जाता जाता एक. आपल्या मिरजेतही एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्यं करायला सुरुवात केली ती शिकलगारांनी, म्हणजे हत्यारांची कामं करणाऱ्या कारागिरांनी. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा भोपळा तर पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या भीमाकाठच्या शेतात पिकतो. एक हात अवजार धरणारा आणि दुसरा वाद्य धरणारा, असे वेगळे हात कधी नसतातच.

तर वर्गाकडं येऊ. पहिले दोन महिने बरे गेले. बोटं दुखली म्हणावं तर तसंही नाही, कारण नायलॉनची तार पोलादी तारेसारखी कापत नाही. माझी अडचण वेगळी. बोटं जाड. एक तार दाबायला जावं तर शेजारची बंद होते. बँकेतले काका म्हणायचे, ‘‘साहेब, तुमची बोटं फावड्याची आहेत.’’ उपाय एवढाच की बोट आडवं न टाकता शेंड्यावर उभं करायचं आणि नख कापलेलं ठेवायचं. डाव्या हाताचा अंगठा मागं मानेच्या मध्यावर. ‘‘पप्पा, अंगठा!’’ हे वाक्य मी आजवर किती वेळा ऐकलं त्याची मोजदाद नाही.

दुसरी अडचण बोटं बदलण्याची. सीवरून जी-सेव्हनवर जायचं तर तीन बोटं एकदम तीन जागी पडायला हवीत. ताईनं एक युक्ती दिली. घड्याळ लावून एका मिनिटात किती वेळा बदल होतो ते मोजायचं आणि वहीत लिहायचं. मी पहिल्या आठवड्यात नऊ, महिन्यानं सव्वीस. मुलगी चाळीसच्या पुढं. ई नावाची कॉर्ड तर मला अजून येत नाही, तिचं नावही काढू नका.

गटात शिकण्याचा खरा फायदा मला इथं कळला. ताईचा नियम असा: सूर चुकला तरी चालेल, ताल थांबवायचा नाही. ज्याला चारही कॉर्ड येतात तो चारही वाजवील. ज्याला फक्त सी येते त्यानं सी आली की वाजवायचं, बाकीच्या वेळी हात हवेत फिरवत ठेवायचा, पण मोजणी सोडायची नाही. टाळकरी जसा अभंग पाठ नसला तरी ठेका सोडत नाही, तसंच. त्यामुळं पहिल्या दिवशी आलेला आणि वर्षभर शिकलेला एकाच गाण्यात बसतात. कोणाला वेगळं काढावं लागत नाही. एकट्यानं घरी शिकताना माणूस चुकला की थांबतो, मागं जातो, पुन्हा सुरू करतो, आणि हळूहळू चुकून थांबण्याचीच सवय लागते. गट थांबूच देत नाही. अर्थात गटाची एक खोड आहे, तो नेहमी पळतो. पाच मिनिटांत गाणं दीडपट वेगानं चाललेलं असतं. मग ताई खोक्यावर थाप मारून सगळ्यांना मागं ओढते.

कॅनडातल्या हॅलिफॅक्स शहरात चाल्मर्स डोन नावाच्या संगीतशिक्षकानं १९६० च्या दशकाच्या अखेरीस शाळांमधून हेच वाद्य वर्गानं शिकवायला घेतलं. स्वस्त, लहान मुलांच्या हातात मावणारं आणि तोंड मोकळं ठेवणारं. बासरी फुंकताना गाता येत नाही, हे वाजवताना गाता येतं.

आता जे सांगायला बसलो ते.

ऑगस्टमधला रविवार. ताईनं एकेकाला एकट्यानं चार ओळी वाजवायला सांगितल्या. पोरांनी धडाधड वाजवल्या. माझी पाळी आली. घरी दहा वेळा नीट वाजवलेलं, पण तिथं बोटं लाकडाची झाली. दोनदा सुरू केलं, दोनदा अडकलो. एक पोरगा फिसकन हसला. ताईनं रागावलं नाही, काही नाही. इतकंच म्हणाली, ‘‘मागच्या रविवारी घेतलं होतं ना आपण हे?’’ बस्स. पुढचे दोन रविवार मी मुलीला खाली सोडलं आणि सांगितलं, कार्यालयाचं काम आहे. काम कसलं? चहाच्या टपरीवर बसून होतो.

तिथं बसल्या बसल्या आबा आठवले. त्याच जुलैमधली आमची सोयाबीनची शेतीशाळा. तुमच्यापैकी बरेचजण बसलेले आहेत, पद्धत माहीत आहे. पाच-पाचचे गट करायचे, शेतात फिरून झाडं बघायची, कीड आणि मित्रकीटक मोजायचे, मोठ्या कागदावर चित्र काढून सगळ्यांपुढं सांगायचं. त्या दिवशी मी सांगायला आबांना उभं केलं. वय साठीच्या पुढं, हातात खडू धरूनही चाळीस वर्षं झालेली. ते चक्रीभुंगा म्हणायचं ते खोडमाशी म्हणाले, मग गप्प झाले. मी हसत म्हणालो, ‘‘आबा, मागच्या बैठकीत सांगितलं होतं की. लक्ष कुठं असतं?’’ बाकीचेही हसले. पुढच्या बैठकीला आबा आले नाहीत, त्याच्या पुढच्यालाही नाहीत. मी हजेरीवहीत ‘गैरहजर’ लिहिलं, आणि पर्यवेक्षकांना सांगितलं की म्हाताऱ्या शेतकऱ्यांना नवीन शिकायची इच्छा नसते.

टपरीवर मला इच्छा नव्हती का? रोज संध्याकाळी वहीत आकडे लिहीत होतो की.

तिसऱ्या रविवारी मुलीनं हाताला धरून वर नेलं. ताईला मी खरं काय ते सांगितलं. ती ओशाळली. तेव्हापासून वर्गात एकट्याला उभं करणं बंद झालं. आता दोघं-तिघं मिळून वाजवतात, आणि चुकलं तर पुढची ओळ धरतात. यंदाच्या शेतीशाळेत मीही तेच केलं. सांगायला एकटा नाही, दोघं उठतात. चित्र कोणी काढायचं, मोजायचं कोणी, ते गटानंच ठरवायचं. ‘मागच्या वेळी सांगितलं होतं’ हे शब्द मी तोंडातून काढायचे नाहीत, असं ठरवलंय. दोनदा निघाले, खोटं कशाला सांगू.

कोणाच्या गावात मुलांसाठी असा वर्ग काढायचा विचार असेल, तर माझा अनुभव सांगतो. शिकाऊ वाद्य साधारण दोन-अडीच हजारांपासून मिळतं. पहिलं वाद्य दुकानात जाऊन, पडदे हाताला बोचत नाहीत ना हे बघून घ्यावं. दहा-बाराच्या पुढं गट नको, तारा जुळवण्यातच तास संपतो. उन्हात मोटारसायकलला लटकवून ठेवू नका, चिकटवलेले सांधे सुटतात. आणि युकुलेलेच पाहिजे असंही नाही. समाजमंदिरात पेटी, ढोलकी, टाळ पडून असतील तर त्यावरही असाच वर्ग होतो. फक्त पोरांबरोबर दोन-चार मोठी माणसं बसवा, बाहेर पायऱ्यांवर ठेवू नका.

आबांच्या घरी मी जाऊन आलो होतो. चहा झाला, पावसाचं बोलणं झालं, मूळ विषय मला काढता आला नाही. यंदा जुलैमध्ये तिसऱ्या बैठकीला ते आले आणि बांधावरच उभे राहिले. मी हाक मारली नाही. अर्ध्या तासानं जवळ आले.

‘‘साहेब, ते तुमचं वाजवायचं कुठवर आलं?’’

‘‘दोन गाणी, आबा. तीही चुकतमाकत.’’

‘‘पोरगीला?’’

‘‘तिला अकरा येतात.’’

आबा हसले आणि गटात शिरले. खडू घेतला नाही. शेजारच्या कॉलेजच्या पोराला म्हणाले, तू लिही, मी बघतो. दहा झाडं त्यांनी पानापानानं चाळली. दोन झाडांच्या देठांवर चक्रीभुंग्याच्या खापा निघाल्या, त्या आमच्यापैकी कोणालाच दिसल्या नव्हत्या.