'जिप्सी' हा शब्द आला कुठून?

'जिप्सी' म्हटलं की आपल्याला मंगेश पाडगावकरांचा कवितासंग्रह आठवतो, मारुतीची गाडी आठवते. मराठीत या शब्दाला मोकळेपणाचा वास आहे. पण युरोपात ज्यांना हे नाव चिकटलं, त्यांच्यापैकी अनेकांना तो अपमान वाटतो. लोकसमूहांवर संशोधन करायचं असेल, तर या शब्दाचा प्रवास माहीत असलेला बरा.

15व्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम युरोपात काही भटके गट आले. आपण 'छोट्या इजिप्त'मधून आलो, असं त्यांच्यातले काही सांगत. म्हणून लोक त्यांना 'इजिप्शियन' म्हणू लागले आणि इंग्रजीत त्याचंच झिजून 'जिप्सी' झालं. 1530 मध्ये इंग्लंडने त्यांना हाकलण्यासाठी कायदा केला, तोही 'इजिप्शियन' या नावानेच. म्हणजे एक समज थेट कायद्यात जाऊन बसला!

तो समज मोडला भाषेने. 1782 मध्ये योहान र्‍यूडिगर या जर्मन अभ्यासकाने त्यांची रोमानी भाषा आणि हिंदुस्तानी यांची तुलना प्रसिद्ध केली. आपणही करून बघू. रोमानीत नाकाला 'नख', कानाला 'कन', पाण्याला 'पानी', माणसाला 'मनुष'. आकडे येक, दुय, त्रिन, श्तार, पंज.

आता कोणी म्हणेल, शब्द उसनेही घेता येतात की! बरोबर. म्हणून नुसते सारखे शब्द पुरत नाहीत. ध्वनी नियमाने बदललेत का आणि व्याकरण जुळतं का, हेही तपासतात. रोमानी त्यात भारतीय-आर्य ठरते. उसने शब्दही वाया जात नाहीत. रोमानीत सात, आठ, नऊ हे आकडे ग्रीक आहेत: एफ्ता, ओख्तो, एन्या. म्हणजे मूळ भारतात, पण वाटेत ग्रीक भाषकांमध्ये मोठा मुक्काम. 2012 मध्ये संपूर्ण जनुकसंचावर आधारित अभ्यास आला. त्यानेही उगम भारताच्या उत्तर-वायव्य भागात, सुमारे 1500 वर्षांपूर्वी दाखवला. दोन वेगळ्या शास्त्रांचं उत्तर एकाच दिशेला गेलं की निष्कर्ष भक्कम होतो.

मग त्यांना म्हणायचं काय? 1971 मध्ये लंडनजवळ भरलेल्या पहिल्या जागतिक परिषदेने 'रोमा' हे नाव स्वीकारलं. 'रोम' म्हणजे त्यांच्या भाषेत माणूस, नवरा. पण इथेही घाई नको. जर्मनीतले सिंती स्वतःला सिंतीच म्हणवतात. ब्रिटनमध्ये काही जण 'जिप्सी' हेच नाव अभिमानाने लावतात, आणि तिथल्या 2021 च्या जनगणनेत 'जिप्सी' आणि 'रोमा' हे वेगळे पर्याय होते.

म्हणून प्रश्नावलीत समूहाचं नाव लिहिण्याआधी दोन गोष्टी विचारा: हे नाव दिलं कोणी, आणि समोरची माणसं स्वतःला काय म्हणतात? उत्तरं वेगळी आली, तर दोन्ही नोंदवा. ती नोंद हासुद्धा डेटाच आहे.