अंगठा अमेरिकेचा, गाणं ब्रिटनचं

ब्रिटिश गायक-गिटारवादक बर्ट जान्शचा पहिला अल्बम लावला की थोड्याच वेळात प्रश्न पडतो, दुसरी गिटार कोण वाजवतंय? दुसरं कोणीच नाही. एकच माणूस, एकच गिटार, आणि मागाहून जोडलेला एकही सूर नाही!

जान्शच्याच नावाचा हा अल्बम एप्रिल 1965 मध्ये आला, तेव्हा तो 21 वर्षांचा होता. ध्वनिमुद्रण लंडनच्या कॅम्डन भागात, ध्वनिमुद्रक बिल लीडर यांच्या राहत्या घरी, टेपरेकॉर्डरवर झालं. जान्शकडे स्वतःची गिटारही नव्हती, त्यामुळे उसनी आणून काम भागवलं. ट्रान्सअटलांटिक या रेकॉर्ड कंपनीने ते मुद्रण 100 पौंडांत कायमचं विकत घेतलं.

मग हा दोन गिटारींचा भास येतो कुठून? ब्रिटनमधली जुनी लोकगीतं बहुतेक नुसत्या गळ्यावर गायली जात, साथीला काही नसे. 1950 च्या दशकात पोरांच्या हाती गिटारी आल्या, पण या चालींखाली गिटारने करायचं काय, हे सांगणारी परंपराच नव्हती. उत्तर सापडलं अमेरिकी ब्लूजमध्ये. बिग बिल ब्रून्झीसारखे कलावंत अंगठ्याने खर्जाच्या तारांवर ठेका धरत आणि बोटांनी वरच्या तारांवर चाल वाजवत. जात्याच्या घरघरीवर ओवी चालावी तसं. जान्श हे एडिंबरातल्या ‘द हाऊफ’ या क्लबात आणि रेकॉर्डी ऐकून शिकला. क्लबात आर्ची फिशर आणि जिल डॉइल त्याला शिकवत.

या अल्बममधली ‘अँजी’ ही डेव्ही ग्रॅहमची रचना घ्या. आधी फक्त अंगठा ऐका. सा, कोमल नी, कोमल ध, प... खर्ज चार पायऱ्या उतरतो आणि पुन्हा वर येऊन उतरू लागतो. आता बोटं ऐका. ती ठेक्याच्या किंचित आगेमागे पडतात, मधूनच नॅट अ‍ॅडर्लीची एक जाझ चालही डोकावून जाते, अंगठा मात्र ठेक्यावरून ढळत नाही. कानाला दोन माणसं भासतात ती इथे.

दुसरी करामत तारेची. ब्लूजचा खास सूर कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे कुठेतरी असतो. पियानोवर त्याला पट्टी नाही, पण तार बोटाने बाजूला ओढली की तो सापडतो. जान्श तार इतक्या जोराने ओढून सोडतो की ती गिटारच्या मानेवर आपटल्याचा आवाजही ऐकू येतो.

‘नीडल ऑफ डेथ’मध्ये मात्र हाच हात मवाळ होतो. हेरॉइनने गेलेल्या मित्रावरचं हे गाणं जुन्या बॅलडसारखं, गळा न काढता हकिगत सांगतं. आपल्या 1974 च्या ‘अ‍ॅम्ब्युलन्स ब्लूज’मध्ये याचीच चाल नकळत उतरली, हे कॅनेडियन गायक नील यंगने पुढे स्वतःच कबूल केलं. म्हणजे अमेरिकेकडून घेतलेला अंगठा ब्रिटनचं दुःख घेऊन पुन्हा अटलांटिकपार गेला. 100 पौंडांच्या त्या सौद्यात कंपनीला केवढा माल मिळाला, याचा हिशेब ज्याचा त्याने कानानेच करावा.