भवानीपूरहून आलेलं नारिंगी पुस्तक

1876च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या 'एक्झॅमिनर' साप्ताहिकाच्या कचेरीत एडमंड गॉस हे तरुण समीक्षक वैतागून बसले होते. परीक्षण लिहावं असं एकही पुस्तक येत नव्हतं. तेवढ्यात टपालवाल्यानं हिंदुस्थानचा शिक्का असलेलं एक पातळ पुडकं आणून दिलं. आत नारिंगी रंगाचं, कलकत्त्याच्या भवानीपुरात छापलेलं, दिसायला अगदी गरीब पुस्तक. प्रस्तावना नाही, ओळख नाही. संपादक विल्यम मिंटो यांनी ते गॉस यांच्या हाती दिलं. त्यात दीडशेहून अधिक फ्रेंच कविता इंग्रजी पद्यात आणल्या होत्या. आणणारी होती वीस वर्षांची बंगाली मुलगी, तोरू दत्त.

तोरूचा जन्म 1856चा, कलकत्त्यातल्या रामबागानच्या दत्त घराण्यातला. वडील गोविनचंद्र स्वतः इंग्रजीत कविता करत. ती सहा वर्षांची असताना कुटुंब ख्रिस्ती झालं. पुढं भाऊ अब्जू गेला आणि 1869मध्ये आईवडील दोघी मुलींना घेऊन युरोपला निघाले. फ्रान्समधल्या नीस इथं अरू आणि तोरू काही महिने शाळेत गेल्या. तोरूच्या आयुष्यातली शाळा तेवढीच. नंतर लंडन, मग केंब्रिजमध्ये स्त्रियांसाठीची व्याख्यानं, आणि 1873मध्ये परत कलकत्ता.

इथून पुढं हिशेब मांडावा तसं थक्क व्हायला होतं. तिच्याजवळ उरली होती चारच वर्षं. त्यातलं पहिलं सरतं न सरतं तोच अरू क्षयानं गेली. तोच रोग तोरूलाही पोखरत होता. केंब्रिजची मैत्रीण मेरी मार्टिनला लिहिलेल्या पत्रांत घोडे आहेत, मांजरं आहेत, नवी पुस्तकं आहेत, आणि इंग्लंडात मिळालेल्या मोकळ्या हिंडण्याफिरण्याची हुरहुरही आहे. कलकत्ता विद्यापीठातून मुली पहिल्यांदा पदवीधर झाल्या त्या 1883मध्ये. तोरूचं विद्यापीठ म्हणजे घरातलं टेबल. मला वाटतं, अनुवादानंच तिला कवी केलं. परक्या ओळींचं वजन रोज तोलून पाहणाऱ्या हाताला स्वतःची ओळ लिहिताना बळ येतं. त्या नारिंगी पुस्तकाच्या शेवटी फ्रेंच कवींवरच्या तिच्या टिपा आहेत. त्यांत शिकाऊपणाचं नावही नाही. ती बेधडक पसंत-नापसंत सांगते.

मग वडिलांच्या सोबतीनं तिनं संस्कृत धरलं. सावित्री, ध्रुव, प्रल्हाद, एकलव्य, सीता या आपल्या ओळखीच्या कथा ती इंग्रजी पद्यात सांगू लागली. तिची सावित्री वाचताना मी थबकतो. त्या जुन्या काळी मुली जनानखान्यात कोंडलेल्या नव्हत्या, असं तोरू तिथं स्पष्ट सांगते. वटपौर्णिमेच्या कथेतली पतिव्रता आपल्याला पाठ असते. स्वतः हिंडून वर निवडणारी मुलगी मात्र तोरूनं ठळक केली. कुठं कुठं तिची इंग्रजी लय अडखळते, हेही खरं. पण 'अवर कॅज्युरिना ट्री'मध्ये ती अडखळत नाही. आपल्या कोकणकिनाऱ्यावर दिसतं तेच हे सुरूचं झाड. त्याखाली ती भावंडांबरोबर खेळली होती, आणि कविता लिहिताना दोघंही नव्हती.

30 ऑगस्ट 1877ला ती गेली. वय एकवीस. कागदपत्रं चाळताना वडिलांना फ्रेंचमध्ये लिहून पूर्ण केलेली एक कादंबरी सापडली. ती 1879मध्ये पॅरिसला छापली गेली. तिला प्रस्तावना लिहिली क्लारीस बादेर यांनी. प्राचीन भारतातल्या स्त्रियांवरचं त्यांचं फ्रेंच पुस्तक इंग्रजीत आणायची परवानगी तोरूनं मरणाच्या काही महिने आधीच मागितली होती.

पुराणकथांचं पुस्तक 1882मध्ये लंडनला निघालं, गॉस यांच्याच प्रस्तावनेसह. तोरूच्या मनात नऊ कथा होत्या, कागदांत सातच मिळाल्या. उरलेल्या दोन जागा तिच्याच, आधी नियतकालिकांत छापून आलेल्या, विष्णुपुराणातल्या दोन कथांनी भरून काढल्या.