केडगावच्या चौफुल्यावर : लेखांक सातवा

देहूहून निघालेली तुकोबांची पालखी यवतचा मुक्काम आटोपून वरवंडकडे जाताना केडगावच्या चौफुल्यावरून जाते, आणि पुढे उंडवडी, बारामती, सणसर, निमगाव केतकी असे टप्पे घेत इंदापूरच्या वेशीत शिरते. आम्हां बारामती-इंदापूरकडील लोकांना हा क्रम पंचांगातल्या तिथींसारखा पाठ असतो. त्याच चौफुल्यापासून जवळ, केडगाव स्टेशनच्या बाजूला, पंडिता रमाबाईंचे मुक्तिसदन उभे आहे. मागील लेखांकाच्या अखेरीस जो प्रश्न वाचकांपुढे ठेवला होता, की ख्रिस्ती होणारा माणूस भयाने ढकलला जातो की विश्वासाने ओढला जातो, त्याचा विचार करण्यास याहून उचित स्थळ मला या जिल्ह्यात दिसत नाही.

आपल्या भाषेने या बाबतीत एक सूक्ष्म विवेक पूर्वीच करून ठेवला आहे. 'भित्रा' ही निंदा आहे, पण 'पापभीरू' ही स्तुती आहे. भित्र्याला स्वतःच्या कातडीची चिंता असते, पापभीरूला आपल्या हातून वावगे घडू नये याची. युरोपातील मार्टिन ल्यूथर १५०५ साली वादळात वीज जवळ कोसळली म्हणून प्राणभयाने संन्यासाचा नवस बोलून मठात गेला, परंतु त्या भयाने त्याला मठाचे दार दाखविले एवढेच. त्याचे चित्त स्थिर झाले ते पुढे कित्येक वर्षांनी, पौलाचे रोमकरांस पत्र अभ्यासताना.

कायद्यानेही या प्रश्नाची दखल घेतली आहे. ओरिसाच्या १९६७ च्या आणि मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या धर्मस्वातंत्र्यविषयक कायद्यांत 'बळजबरी' या शब्दाच्या व्याख्येत ईश्वरी कोपाची धमकी आणि सामाजिक बहिष्काराची धमकी या दोन्ही एकाच कलमात घातल्या होत्या, आणि १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे दोन्ही कायदे ग्राह्य ठरविले. हे कायदे इष्ट की अनिष्ट हा वाद येथे नको. परंतु नरकाचे भय आणि भाऊबंदांचे भय ही एका जातीची आहेत हे त्या व्याख्येने ओळखले, आणि महाराष्ट्रापुरते पाहू गेल्यास दुसरे भय पहिल्याहून किती तरी बलवत्तर होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

१८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत, वयाने अजाण, मिशनऱ्यांच्या आश्रयास राहिला, तेव्हा बापाने फिर्याद केली व कोर्टाने मुलगा बापाच्या स्वाधीन केला. मुलगा घरी आला. पण जातीत त्याला परत घेईनात. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्याला शुद्ध करून घ्यावे असा पक्ष घेतला आणि त्यापायी स्वकीयांचा रोष पत्करला. दिवाणी कोर्टाची मजल यापुढे जात नव्हती. जातिभ्रंशामुळे वारसा बुडू नये म्हणून सरकारने १८५० चा एकविसावा कायदा केला खरा, तथापि पंगतीतले पान आणि विहिरीवरचा हक्क कोणत्या दस्तऐवजाने परत मिळावा? जो या भयाला ओलांडून जात असे त्याच्याजवळ काही तरी जबर ओढ असलीच पाहिजे, हे मान्य करणे प्राप्त आहे.

नारायण वामन टिळकांच्या ठिकाणी ती ओढ कशाची होती हे आपणांस ठाऊक आहे. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला, आणि ते मुग्ध झाले ते डोंगरावरील प्रवचनाने. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते स्वतः सांगत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई मात्र पाच वर्षे मागे राहिल्या. त्यांनी आधी शिवाशिव टाकली आणि मग १९०० साली बाप्तिस्मा घेतला. म्हणजे भयाचा शेवट झाल्यावर विश्वास आला, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे.

रमाबाईंची गोष्ट याहून गहन. १८७४ च्या सुमारास आईबाप उपासमारीने गेलेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. इंग्लंडात वाँटेज येथे १८८३ साली त्या ख्रिस्ती झाल्या, पण ख्रिस्ती मताचा स्वीकार केला तरी स्वतः ख्रिस्त आपल्याला गवसला नव्हता, हे त्यांनीच पुढे आपल्या साक्षीत कबूल केले. विल्यम हॅसलम नावाच्या पाद्र्याचे आत्मवृत्त, ज्यात तो स्वतःचाच उपदेश ऐकत असता पालटला, ते वाचताना त्यांना हा फरक उमजला. बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. पुण्यात त्यांच्या शारदासदनाभोवती वादळ उठले ते यानंतरचे, १८९३ सालचे.

आणि मग दुष्काळ. १८९७ च्या सुमारास त्या मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली व विधवा घेऊन आल्या. पोटात अन्न नसलेल्या पोरीने मिशनच्या अंगणात होकार दिला तर त्याला मी विश्वास म्हणणार नाही, आणि रमाबाईंनाही तो पुरेसा वाटला असेल असे मला वाटत नाही. स्वतःचे आठ वर्षांचे अंतर ज्यांना ठाऊक, त्या दुसऱ्याला चार घासांत पार झालेले कशा मानतील? भाकरी देणारा हात जर त्या भाकरीच्या बदल्यात नाव लिहून घेत असेल तर तो व्यवहार झाला, धर्म नव्हे, हे ख्रिस्ती मंडळींनीही निःसंकोच म्हणावे.

१९०५ च्या जूनअखेरीस मुक्तिसदनात एका रात्री जे घडले त्याचा वृत्तांत तेव्हाच्या एका मिशनरी बाईंनी लिहून ठेवला आहे. मुली निजलेल्या होत्या. एका थोरल्या मुलीला जाग आली तो शेजारची मुलगी ज्वाळांनी वेढलेली दिसली. थोरली धावत जाऊन पाण्याची बादली घेऊन आली आणि ओतणार तोच तिला दिसले की अंगावर आग नाही, वस्त्र जळत नाही. तासाभरात आवारातील मुली गोळा झाल्या, रडत, आपापल्या चुका मोठ्याने कबूल करीत. आणि ज्वाळांत दिसलेली ती मुलगी त्यांच्या मध्ये बसून पश्चात्ताप करा म्हणून विनवीत होती. भय तेथे होते, हे नाकारता येणार नाही. परंतु भाऊबंदांचे नव्हे, भुकेचेही नव्हे.