48 तास, एक तार आणि अख्खं जग : हॅम रेडिओची स्पर्धा म्हणजे काय, आणि आपल्या जिल्ह्याला तिचं काय?

धाराशिव : क्रिकेट, कुस्ती, शंकरपट या स्पर्धा आपल्याकडे सगळ्यांना माहीत. पण खोलीत खुर्चीवर बसून, कानाला हेडफोन लावून, सलग 48 तास खेळायची एक स्पर्धा जगभर दरवर्षी होते आणि तिच्यात भारतातलेही खेळाडू असतात, हे सांगितलं तर बरेच जण विचारतात, "मोबाईलवरची गेम का?" मोबाईल नाही, इंटरनेट नाही, मधे टॉवर नाही. एक रेडिओ सेट, बाहेर ताणलेली तार आणि डोक्यावरचं आकाश. एवढ्यावर ब्राझील, जर्मनी, जपान गाठायचं. याला म्हणतात हॅम रेडिओची कॉन्टेस्ट.

आधी हॅम रेडिओ म्हणजे काय ते थोडक्यात. केंद्र सरकारची परीक्षा पास होऊन, परवाना घेऊन, हौसेखातर रेडिओवरून बोलणारे लोक म्हणजे हॅम. धंदा करायचा नाही, गाणी लावायची नाहीत, राजकारण बोलायचं नाही. प्रत्येकाला एक कॉलसाइन मिळते, गाडीच्या नंबरासारखी. भारताची बहुतेक कॉलसाइन 'व्हीयू' अक्षरांनी सुरू होते. ती ऐकली की जगातल्या कुठल्याही हॅमला कळतं, माणूस भारतातला आहे. राजीव गांधी स्वतः हॅम होते, त्यांची कॉलसाइन व्हीयू2आरजी.

आता स्पर्धा. सगळ्यात मोठी म्हणजे 'सीक्यू वर्ल्ड वाइड'. 1948 पासून चालू आहे. बोलून खेळायची फेरी ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, आणि मोर्सच्या कट-कडकट्ट भाषेतली फेरी नोव्हेंबरच्या शेवटी. जागतिक वेळेप्रमाणे शनिवारी रात्री बाराला सुरू, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेपाचला. संपते सोमवारी पहाटे साडेपाचला. या दोन दिवसांत जास्तीत जास्त देशांतल्या जास्तीत जास्त लोकांशी संपर्क करायचा. संपर्क म्हणजे गप्पा नाहीत बरं का. समोरच्याची कॉलसाइन बिनचूक घ्यायची, आपली द्यायची, आणि दोन आकडे सांगायचे : आवाज कसा येतोय ते, आणि आपला झोन. जगाचे 40 झोन पाडलेत, आपण 22 मध्ये. श्रीलंका, नेपाळ, बांगलादेशही त्यातच. सगळा मामला दहा सेकंदांत उरकतो. मग पुढचा.

यात एक गंमत आहे. आवाजाचा आकडा सगळेच 'फाइव्ह नाइन' देतात, म्हणजे एकदम खणखणीत. समोरच्याचं अक्षर कळत नसलं तरी आधी "फाइव्ह नाइन" म्हणायचं आणि लगेच विचारायचं, "नाव पुन्हा सांगा". लग्नाच्या पंगतीत भाजी कशीही असो, यजमानाला "झकास झालंय" म्हणतातच, त्यातलाच प्रकार.

गुणांचा हिशेब मात्र पंगतीसारखा मोकळा नाही. दुसऱ्या खंडातला माणूस गाठला तर 3 गुण. आपल्याच खंडातल्या दुसऱ्या देशातला असेल तर 1. आपल्याच देशातला असेल तर शून्य. म्हणजे धाराशिवहून जर्मनी लागली तर 3, जपान लागलं तर 1, आणि नागपूर लागलं तर काही नाही. पण खरी मेख पुढे आहे. प्रत्येक बँडवर, म्हणजे लहरींच्या प्रत्येक पट्ट्यावर, नवा देश आणि नवा झोन मिळाला की गुणक वाढतो. सगळे गुण एकीकडे, सगळे गुणक एकीकडे, दोन्हींचा गुणाकार म्हणजे स्कोअर.

समजा दोघे जण खेळताहेत. एकाने युरोपातले सोपे 600 लोक गाठले, 1800 गुण झाले, पण गुणक 50 च. स्कोअर 90 हजार. दुसऱ्याने 400 च लोक गाठले. त्यात 300 बाहेरच्या खंडातले, 90 आशियातले, 10 भारतातले. गुण झाले 990. पण तो सगळ्या बँडवर फिरला, आफ्रिका शोधली, बेटं शोधली, 120 गुणक जमवले. स्कोअर 1 लाख 18 हजार 800. कमी माणसं गाठूनही हा पुढे. म्हणून एका जागी बसून ओरडत राहायचं की उठून नवं शोधायला जायचं, हा निर्णय दर अर्ध्या तासाला घ्यावा लागतो. स्पर्धेतलं डोकं इथं लागतं, घशाचं काम नंतरचं.

आणि फसवाफसवी चालत नाही. स्पर्धा संपल्यावर प्रत्येकाने आपली नोंदवही, म्हणजे लॉग, पाठवायचा असतो. आयोजक हजारो लॉग संगणकावर एकमेकांशी ताडून बघतात. तुमच्या वहीत एक अक्षर चुकलं तर तो संपर्क बाद, वरून दंडाचे गुण कापतात. आपल्याकडे सातबाऱ्यावर एक आकडा चुकला तर काय होतं ते आठवा. तेवढीच काटेकोर नोंद इथं दहा सेकंदांत, अर्धवट झोपेत करायची.

आता प्रश्न येतो, टॉवर नसताना आवाज ब्राझीलला जातो कसा? जमिनीपासून शंभर ते चारशे किलोमीटर उंचीवर हवेचा एक थर सूर्याच्या उन्हामुळे विद्युतभारित होतो. ठरावीक लहरी तिथं आपटतात आणि वाकून खाली येतात. विहिरीच्या पाण्यावर चपटा दगड टिपऱ्या घेत जातो तशा त्या जमीन आणि आकाश यांच्यात उड्या घेत जातात. हा थर दिवसा वेगळा, रात्री वेगळा. त्यामुळे दिवसा 10, 15 आणि 20 मीटरच्या लहरी लांब जातात, रात्री 40 आणि 80 मीटरच्या. आपल्याकडून साधारण सकाळी जपान-ऑस्ट्रेलिया, दुपारनंतर युरोप, संध्याकाळी आफ्रिका असा क्रम लागतो. सूर्यावरचे डाग साधारण 11 वर्षांनी वाढतात-घटतात, तसा हा थरही. डाग भरपूर असतील त्या वर्षी हातभर सेटवरूनही अमेरिका लागते. एरवी मोठमोठ्या अँटेनावाल्यांनाही देव आठवतो.

सेटचं म्हणाल तर नवा विकत घ्यायचा तर लाखाच्या घरात जातो. हे ऐकून पोरं मागं सरतात. पण उमरग्यावरून जो हायवे जातो त्याच्याच वाटेवर, हैदराबादमध्ये, अश्हर फरहान नावाचा एक हॅम आहे, कॉलसाइन व्हीयू2ईएसई. त्याने 2003 च्या सुमारास 'बिटएक्स' नावाचा सेट डिझाइन करून जगाला फुकट देऊन टाकला. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळणारे पार्ट वापरायचे, असं त्याचं धोरण. कॉइल गुंडाळायला महागडे भाग मिळेनात तर त्याने नळाचे वॉशर वापरले. आज जगभर लोकांनी हा सेट घरी बनवलाय. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीची दुकानं आपल्या तालुक्यांच्या गावी अजून तग धरून आहेत. सोल्डरिंगचा हात तिथं बसतो आणि सेट बनवायला पहिल्यांदा लागतो तो हाच.

अँटेना तर त्याहून सोपी. 20 मीटर बँडसाठी साधारण 33 फूट तांब्याची तार, मधोमध तोडलेली, तिथून केबल खाली. 40 मीटरसाठी 66 फूट. मुंबईच्या फ्लॅटमधल्या हॅमला ही तार कुठं बांधायची यावरून सोसायटीशी भांडावं लागतं. आपल्याकडं दोन चिंचेची झाडं पुरेत. शिवाय शहरात एलईडी बल्ब, चार्जर, लिफ्ट यांचा इतका खरखराट असतो की बारीक आवाज त्यात बुडून जातो. शेतात, वस्तीवर ती शांतता फुकट मिळते. फक्त जवळपास सोलरचा इन्व्हर्टर किंवा खराब झालेला विजेचा इन्सुलेटर नको. आणि एक गोष्ट ठासून सांगतो, महावितरणच्या तारेच्या जवळून, वरून किंवा खालून अँटेना कधीही ओढू नका. मृगाच्या आधी वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की केबल सेटपासून काढून घराबाहेर टाकायची. मराठवाड्यात विजा काय करतात ते वेगळं सांगायला नको.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, हौस आहे, ठीक आहे, आपल्याला काय त्याचं?

30 सप्टेंबर 1993. पहाटे 3 वाजून 56 मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावं काही सेकंदांत दगडमातीच्या ढिगाखाली गेली. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या वेळी मोबाईल नव्हता. गावात असलाच तर एखादा फोन, तोही बंद. कुठं किती माणसं अडकलीत, कुठं डॉक्टर हवेत, कुठं कापड आणि कुठं पाणी, हे सांगायला माणूस पाठवावा लागत होता. तेव्हा बाहेरून हॅम आपापले सेट आणि बॅटऱ्या घेऊन या भागात आले आणि निरोप पोचवायचं काम केलं. त्यांना ते लगेच जमलं, कारण गोंगाटातून बारीक आवाज ओळखणं, अनोळखी जागी तासाभरात तार टांगणं, गाडीच्या बॅटरीवर रात्र काढणं हे सगळं त्यांनी हौसेत आधीच केलेलं असतं.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण अंदमानचं. डिसेंबर 2004 मध्ये भारती प्रसाद, कॉलसाइन व्हीयू2आरबीआय, यांचं पथक पोर्ट ब्लेअरला गेलं होतं. काम हौसेचंच. अंदमानवरून कित्येक वर्षं कुणी हॅम बोललेलं नव्हतं, त्यामुळे ही बेटं 'मिळवायला' जगभरचे हॅम आतुर होते. दिवस-रात्र हजारो संपर्क चालले होते. 26 डिसेंबरला सकाळी जमीन हादरली, पाठोपाठ त्सुनामी आली. फोन गेले. हे पथक सेट, अँटेना, जनरेटरसह तिथं हजर होतं. त्यांनी हौस तिथंच थांबवली आणि बेटांवरचे निरोप मुख्य भूमीला पोचवायला सुरुवात केली. कोण जिवंत आहे, कोण कुठं आहे, हे त्या दिवसांत अनेक घरांना त्या रेडिओमुळे कळलं.

तरीही, स्पर्धा जिंकणारा प्रत्येक जण आपत्तीत कामाचा असतो असं समजू नये. स्पर्धेतली घाई इथं उलट नडते. "फाइव्ह नाइन, थँक्यू, पुढचा" ही सवय मोडावी लागते. औषधाचं नाव, रुग्णाचा रक्तगट, गावाचं नाव सावकाश, तीनतीनदा सांगून, समोरच्याकडून परत वदवून घ्यावं लागतं. अँटेनाचंही तसंच. स्पर्धेत ती जितकी उंच तितकी बरी, कारण लहर लांब फेकायची असते. आपत्तीत ब्राझील नको, मुंबई, पुणे, हैदराबाद हवं. त्यासाठी 40 मीटरची तार मुद्दाम खाली, दहा-पंधरा फुटांवर बांधतात. मग लहर सरळ वर जाते आणि छत्रीसारखी आजूबाजूच्या तीनचारशे किलोमीटरवर उतरते. मधे बालाघाटचा डोंगर असला तरी फरक पडत नाही.

सप्टेंबर 2025 मध्ये परांडा-भूमकडं पूर आला, लोकांना हेलिकॉप्टरने काढायची वेळ आली. आता मोबाईल आहेत, मान्य. पण मोबाईलचा टॉवर विजेवर चालतो आणि वीज गेली की त्याची बॅटरी काही तासांची. दर तालुक्याला दोन-दोन परवानाधारक हॅम असले तर तहसील कार्यालयाला एक जादा वाट मिळेल. हे आमचं मत, आणि त्यासाठी खर्च एका हायमास्टपेक्षा कमी येईल.

अडचण आहे ती परवान्याची. वय 12 पूर्ण असलं की कुणीही परीक्षा देऊ शकतो. प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम, एवढाच अभ्यास. दहावी-बारावीच्या सायन्सच्या मुलाला जड नाही. रिस्ट्रिक्टेड परवान्याला मोर्स लागत नाही, त्याची कॉलसाइन व्हीयू3 ने सुरू होते. जनरलला मोर्स लागतं, कॉलसाइन व्हीयू2 ने. अर्ज केंद्राच्या सरल संचार पोर्टलवर करायचा. पण परीक्षा द्यायला सरकारच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनला, म्हणजे मुंबई, नागपूर किंवा हैदराबाद अशा ठिकाणी जायचं. लोहारा-वाशीच्या पोराला एका पेपरासाठी दोन दिवस आणि एसटीचं भाडं. पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत महिने जातात. परीक्षा जिल्ह्याच्या ठिकाणी, एखाद्या पॉलिटेक्निकमध्ये का होऊ नये, हे आपल्या लोकप्रतिनिधींना विचारायला हवं. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून अर्जाआधी पोर्टल नीट वाचा.

आणि परवान्याशिवाय वॉकीटॉकी मागवू नका. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळतात म्हणून काही जण यात्रेला, शेतावर वापरायला घेतात. बरेचसे सेट पोलिस आणि इतर यंत्रणांच्या लहरींवरही बोलू शकतात, तो गुन्हा आहे. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने अशा विक्रीबद्दल ऑनलाइन कंपन्यांना नोटिसाही दिल्या.

ऐकायला मात्र वेगळा परवाना काढावा लागत नाही. घरात जुना शॉर्टवेव्ह रेडिओ असेल तर हॅमचं बोलणं त्यावर घोगरं, बदकासारखं येतं, कारण त्यांची पद्धत वेगळी. त्यापेक्षा मोबाईलवर 'वेबएसडीआर' शोधा, म्हणजे लोकांनी इंटरनेटला जोडून ठेवलेले रिसीव्हर. ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी, शनिवार आणि रविवार दोन्ही ऑक्टोबरातच पडत असतील तो आठवडा, दुपारनंतर 14,150 ते 14,350 किलोहर्ट्झमध्ये काटा फिरवा. पहिली पंधरा मिनिटं आठवडी बाजारातला गलका वाटेल. मग एकेक शब्द सुटा होत जाईल. 'व्हिक्टर युनिफॉर्म' ऐकू आलं, तर तो आपल्याकडचाच कुणीतरी.