धोक्याच्या घंटेचा जमाखर्च

घरफोडीची सूचना देणारी विजेची घंटा आपल्याला खरी हवी असते ती अंधारात. वीज गेल्यावर ती चालते बॅटरीवर. बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीवर. वीज वारंवार जाऊ लागली की ही बॅटरी उतरते आणि आपण मोठी बॅटरी आणतो. तेवढ्याने भागेल का? हिशेब करून पाहू.

समजा, वीज रोज १२ तास जाते आणि यंत्रणा ०.२ अँपिअर प्रवाह घेते. म्हणजे रोजचा खर्च २.४ अँपिअर-तास. उरलेले १२ तास चार्जर बॅटरीत ०.२ अँपिअर भरतो, जमाही २.४. पण भरलेल्यातला काही भाग वाया जातो. २.४ परत मिळवायला सुमारे २.६ भरावे लागतात. रोजच्या या तुटीने तीन-साडेतीन आठवड्यांत बॅटरी रिकामी होते. दुप्पट मोठी बॅटरी हा दिवस केवळ लांबवते.

शिवाय उतरलेल्या बॅटरीच्या दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट असते. ती तशीच राहिली तर त्याचे स्फटिक मोठे होतात, चार्ज करूनही पुरते जात नाहीत आणि क्षमता कायमची घटते.

म्हणून उपाय जमेच्या बाजूला शोधावा: बॅटरीवर छापलेल्या मर्यादेत अधिक प्रवाह देणारा चार्जर. महिन्यातून एकदा बॅटरी सुटी करून काही तासांनी व्होल्टमीटर लावावा. १२.८च्या आसपास असेल तर ती भरलेली, १२च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी. या नोंदींचा आलेख विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावा. घंटा मुकी होण्याआधीच तो बोलेल.