रुळापासून ब्रशपर्यंत

टेबलावरच्या रुळावर हातभर अंतर छान गेलेले इंजिन मध्येच थबकते. आपण बोटाने हलकेच ढकलतो, ते दोन इंच सरकते, पुन्हा थबकते. घरातले कुणीतरी हमखास म्हणते, ‘मोटार गेली वाटतं.’ मोटार गेलेली नसते. बोटाच्या धक्क्याने जी पुन्हा फिरते ती मोटार जिवंतच असते, फक्त तिच्यापर्यंत वीज पोचत नसते. छोटी इंजिने बांधायची असोत, बदलायची असोत की दुरुस्त करायची असोत, मी सुरुवात एकाच ठिकाणाहून करतो. रुळावर वीज आहे, मोटारीच्या ब्रशवर ती हवी आहे, तर मधली वाट कुठून जाते आणि कुठे तुटते?

ही वाट फार लांब नाही. रुळावरून वीज चाकाच्या कडेला येते. चाकाच्या मागे फॉस्फर ब्राँझची केसाएवढी बारीक पत्ती घासत असते, तिच्यावरून ती वायरीत जाते, वायरीतून कार्बन ब्रशकडे, ब्रशवरून फिरत्या कम्युटेटरवर आणि तिथून आर्मेचरच्या वेटोळ्यांत. परत येताना हेच सगळे उलट्या क्रमाने, दुसऱ्या बाजूच्या चाकांतून दुसऱ्या रुळावर. डाव्या आणि उजव्या चाकांचा एकमेकांशी विद्युत संबंध येऊ नये म्हणून आसावर मध्ये प्लास्टिकचा अडसर असतो. रुळावरचे १२ व्होल्ट एका बाजूने दिले की इंजिन पुढे, तारा उलट्या जोडल्या की मागे. एकूण व्यवस्था इतकीच.

पण यात घासून जोडलेले सांधे किती आहेत ते मोजा. रूळ आणि चाक, चाक आणि पत्ती, ब्रश आणि कम्युटेटर असे प्रत्येक बाजूला तीन. त्यातला एकही सांधा पक्का नाही, सगळे फिरता-फिरता टेकणारे. म्हणून शहाणा कारागीर पहिल्यांदा टेकणाऱ्या चाकांची संख्या वाढवतो. दोनच चाकांवरून वीज घेणारे इंजिन आणि बाराही चाकांवरून घेणारे इंजिन यांच्या चालीतला फरक कोणत्याही महागड्या मोटारीने भरून निघत नाही. ओढ वाढावी म्हणून काही इंजिनांच्या चाकांवर रबरी कडी चढवलेली असते. ती ओढ देते, पण त्या चाकापुरती वीज बंद करते. मला हा सौदा पटत नाही. त्यापेक्षा कवचाच्या आत शिशाचे तुकडे चिकटवून वजन वाढवावे. ढोबळमानाने इंजिन आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याएवढी ओढ देते. ४०० ग्रॅमचे असेल तर सुमारे ८० ग्रॅम. आठ-दहा डबे ओढायला ते पुरते.

आता वेगाचे गणित, कारण त्यावरच सगळे गिअर ठरतात. एचओ हे जगात सर्वाधिक चालणारे माप १:८७ आहे आणि त्याच्या रुळांमधले अंतर १६.५ मिलिमीटर. ताशी १०० किलोमीटरचा वेग या मापात सेकंदाला साधारण ३२ सेंटिमीटर होतो. आपल्या जुन्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिनाचे चाक १,०९२ मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मॉडेलमध्ये साडेबारा मिलिमीटरचे. तेवढ्या वेगासाठी ते मिनिटाला पाचशेच्या आत-बाहेर फेरे घेईल. मोटार मात्र पूर्ण विद्युतदाबावर दहा हजारांच्या आसपास फिरते. म्हणून मध्ये वर्म येतो. मळसूत्रासारखा हा दांडा एक फेरा घेतो तेव्हा समोरच्या गिअरचा एकच दात सरकतो. वीस दात असतील तर वेग विसाव्या हिश्श्यावर येतो.

वर्मची एक खोड आहे. तो गिअरला फिरवतो, पण गिअर त्याला फिरवू शकत नाही. वीज क्षणभर तुटली आणि मोटार थांबली की चाके जागच्या जागी अडकतात, घरंगळत नाहीत. त्यावर उपाय म्हणजे फ्लायव्हील, पितळेची जड चकती. ती मोटारीच्या दांड्यावर, वर्मच्या आधी बसवावी लागते. चाकाच्या बाजूला बसवून उपयोग नाही, कारण तिथे फेरे कमी आणि वर्मचा अडथळा मध्ये. मोटारीसोबत ती हजारो फेऱ्यांनी फिरत असते, म्हणून रुळावरच्या एखाद्या काळ्या ठिपक्यावर वीज गेली तरी तेवढा क्षण ती निभावून नेते.

डब्ल्यूडीएम-२ चा उल्लेख केलाच आहे, तर तेच बांधू. १९६२ मध्ये अमेरिकेच्या अल्को कंपनीकडून ही इंजिने आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. पुण्याच्या घोरपडी शेडजवळ ज्यांचे बालपण गेले त्यांना या इंजिनांचा धडधडता आवाज आणि काळा धूर वेगळा सांगायला नको. मॉडेलसाठी यात एक सोय आहे. त्यांच्या तीन आसांच्या बोगीत, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यात, दोन आस जवळ आणि तिसरा जरा दूर असतो, आणि तशीच बोगी अल्कोच्या आरएसडी-४, आरएसडी-५ या अमेरिकी इंजिनांखालीही होती. त्यांची एचओ मॉडेल्स मिळतात. म्हणजे खालची चाल (चाके, गिअर, मोटार) तयार घ्यायची आणि वरचे कवच आपण करायचे.

अडचण रुंदीची आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलिमीटरचा, १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर भरतो. एचओचा रूळ मात्र १६.५ चा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १,४३५ मिलिमीटरवरून आला. पावणेतीन मिलिमीटरचा हा फरक समोरून पाहिल्यावर दिसतो. इंजिन जरा अरुंद पायावर उभे वाटते. कुणी म्हणेल, मग रूळ १६.५ चाच ठेवून मापच १:१०१.६ करा. गणित बरोबर आहे, पण मग बाजारातला एकही डबा, स्टेशन, माणूस त्याच्याशेजारी ठेवता येत नाही. मी १६.५ स्वीकारतो. पुण्यात भाऊसाहेब जोशींनी उभे केलेले लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे मुले गाड्यांकडे बघतात, रुळाची रुंदी मोजत नाहीत.

कवचाचे काम मी चटकन सांगतो, कारण त्याला चिकाटी लागते, युक्ती फारशी नाही. एक मिलिमीटर आणि अर्धा मिलिमीटर जाडीचे पॉलिस्टायरीन पत्रे, धारदार सुरी, पोलादी पट्टी. इंजिन १७.१२ मीटर लांब, म्हणजे मॉडेल १९७ मिलिमीटर. रुंदी ३३, उंची ४८. लांब नाक, केबिन, आखूड नाक असे तीन खोके वेगळे करून जोडावेत. एक शिस्त मात्र पाळावी. खालची चाल कवचाशिवाय दोन्ही दिशांना अर्धा तास बिनतक्रार धावल्याशिवाय कवचाला हात लावू नये. रंग लावून झाल्यावर दोष सापडला तर तो काढायला जीव होत नाही.

बदलाचे खरे काम म्हणजे डीसीसी, म्हणजे डिजिटल आदेशांनी इंजिन चालवण्याची पद्धत, बसवणे. या पद्धतीत रुळावर दाब कमी-जास्त होत नाही. तो सारा वेळ चौदा-पंधरा व्होल्टच्या आसपास असतो आणि सतत उलटसुलट होत राहतो. त्या उलटण्याच्या लहान-मोठ्या कालावधींतच संदेश दडलेला असतो. अर्धे आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचे असेल तर एक, १०० किंवा जास्त असेल तर शून्य. इंजिनात बसवलेला नखाएवढा डिकोडर हे वाचतो, आपल्या क्रमांकाचा आदेश उचलतो आणि मोटारीला तुकड्या-तुकड्यांनी वीज देतो. जर्मनीच्या बर्न्ड लेन्झ यांच्या कामावर हे उभे आहे. पुढे अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने त्याचे मानक केले. त्यामुळे एका कंपनीचा डिकोडर दुसऱ्याच्या नियंत्रकाचे ऐकतो.

चांगल्या डिकोडरची करामत वेगळीच आहे. दोन तुकड्यांमधल्या क्षणात तो वीज थांबवतो आणि फिरती मोटार स्वतः किती व्होल्ट निर्माण करते आहे ते मोजतो. फिरणारी मोटार म्हणजे जनित्रच. चढावर फेरे घटले की तो दाब घटतो, डिकोडर ते ओळखतो आणि पुढचा तुकडा जरा लांब देतो. इंजिन मुंगीच्या पावलांनी चालवता येते ते यामुळे.

तारांचे रंग ठरलेले आहेत. लाल उजव्या रुळाकडून, काळी डाव्या. नारिंगी आणि करडी मोटारीकडे. पांढरी पुढच्या दिव्याची, पिवळी मागच्या, निळी दोन्ही दिव्यांची सामाईक. एलईडी असेल तर एका बाजूला १,००० ओहमचा रोधक जोडावा, नाहीतर पहिल्याच चमकेत तो विझतो. हे सामान मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जाते. डिकोडर मात्र बहुधा बाहेरूनच मागवावा लागतो.

डिकोडर जोडण्याआधी दोन तपासण्या चुकवू नयेत. पहिली, मोटार किती वीज ओढते. साध्या १२ व्होल्टवर अ‍ॅमीटर मध्ये ठेवून चाके बोटांनी एक-दोन सेकंद घट्ट धरायची आणि आकडा वाचायचा. तो डिकोडरच्या क्षमतेपेक्षा जास्त असेल तर मोटार बदला किंवा मोठा डिकोडर घ्या. दुसरी तपासणी त्याहून महत्त्वाची. जुन्या पद्धतीच्या अनेक इंजिनांत एक ब्रश थेट धातूच्या चौकटीला टेकलेला असतो, कारण चौकट हीच एका रुळाची तार. डीसीसीत मोटारीचे दोन्ही ब्रश रुळांपासून पूर्ण तुटलेले हवेत. मल्टिमीटरचे एक टोक ब्रशला, दुसरे आळीपाळीने प्रत्येक चाकाला लावा. एकदाही ‘बीप’ झाला तर डिकोडर जोडू नका. माझा पहिला डिकोडर असाच गेला. पत्ती कापली होती, टेप लावला होता, पण मोटार आवळणारा स्क्रू ब्रशच्या घराला टेकला होता. वास आधी आला, धूर नंतर दिसला. तेव्हापासून नवी जोडणी मी थेट मुख्य रुळावर लावत नाही. आधी प्रोग्रॅमिंगच्या, म्हणजे डिकोडरच्या नोंदी वाचण्या-बदलण्याच्या वेगळ्या रुळावर लावतो. तिथे वीज मर्यादित असते, म्हणून चूक निघाली तरी बहुधा नुकसान होत नाही. डिकोडर कारखान्यातून ३ क्रमांकावर येतो. तो वाचता आला म्हणजे रुळाकडची वाट पक्की.

इंजिन उलटे पळत असेल तर घाबरू नये. दिवा बरोबर आणि चाल उलटी असेल तर नारिंगी-करडी अदलाबदल करा. दोन्ही उलटे असेल तर डिकोडरच्या २९ क्रमांकाच्या नोंदीतला एक बिट बदलला की झाले.

डीसीसीमुळे घाणेरडा रूळ सोसला जात नाही, उलट त्रास वाढतो. साध्या विजेवर इंजिन फक्त हिसका देते. डिकोडर मात्र वीज गेली की छोट्या संगणकासारखा नव्याने सुरू होतो. त्यावर सेकंदभर पुरेल असा कपॅसिटर जोडतात, तो कामाचा आहे. पण आधी चाके पुसा. कागदी रुमालावर आयसोप्रोपिल अल्कोहोल टाकून तो रुळावर आडवा पसरायचा, एक बोगी त्यावर आणि दुसरी मोकळ्या रुळावर ठेवून वीज सोडायची. वरची चाके जागीच फिरतात आणि कागदावर काळ्या रेषा उठतात. रुळाला सँडपेपर कधीच लावू नये, ओरखड्यांत घाण आणखी घट्ट बसते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पितळी रूळ आठवड्याभरात मंद पडतात, कारण पितळेवरचा थर वीज अडवतो. निकेल सिल्व्हरचे रूळ त्या मानाने बरे. नावात सिल्व्हर असले तरी त्यात चांदी नावालाही नसते. तांबे, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू.

वाट स्वच्छ आहे, तरी इंजिन अडखळते, तर कान द्यावेत. एका लयीत ‘टिक, टिक’ येते का? चाकावर खडूचा ठिपका काढा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकच टिक असेल तर आसावरचा प्लास्टिकचा गिअर तडकलेला असतो. तो दांड्यावर घट्ट दाबून बसवलेला असतो, वर्षानुवर्षे ताण सोसतो आणि एक दिवस फाटतो. डिंक लावू नका. त्या प्लास्टिकला कोणताही डिंक नीट धरत नाही. गिअरच बदलायचा. पुढे जाताना शांत आणि मागे जाताना कर्कश असेल तर वर्मचा दांडा आत-बाहेर सरकतो आहे. एखादा बारीक वॉशर पुरतो. सांध्यावर चाक उडत असेल तर आतल्या कडांमधले अंतर मोजा. १४.४ ते १४.५ मिलिमीटर हवे. मोटार तापते आणि रिकामी असताना मात्र पूर्वीपेक्षाही वेगाने पळते, तर चुंबक मंदावले आहे. जुन्या धाटणीची काही चुंबके आर्मेचर काढून उघडी ठेवली तरी अशक्त होतात, म्हणून साफसफाईच्या हौसेने मोटार विनाकारण उघडू नये. तेल सुईच्या टोकाएवढे, तेही फक्त आसाच्या टोकांना. जास्त झाले की ते कम्युटेटरवर चढते, कार्बनशी मिळून काजळी बनते आणि तीच काजळी खाचांत बसून वेटोळ्यांना आपसांत जोडते. लाकडी टूथपिकने ती खाचेतून काढता येते.

मल्टिमीटरने बाराही चाकांपासून लाल-काळ्या तारांपर्यंतची वाट एकेक करून तपासली, प्रत्येकाला हवा तो ‘बीप’ आला, गिअर शाबूत, ब्रश नवे, कवचाशिवाय इंजिन दोन तास धावले. कवच चढवले आणि पहिल्याच वळणावर थांबले. अशा वेळी कवच काढून छताच्या आतली बाजू बघा. बहुतेक वेळा तिथे फ्लायव्हीलची काळी घासटलेली रेघ असते, किंवा बोगीकडे जाणारी तार इतकी आखूड आणि ताठ असते की वळणावर तीच बोगीला मागे ओढून रुळावरून अर्धी उचलते. मऊ सिलिकॉन आवरणाची तार घ्यावी, दोन बोटे जास्त लांब ठेवावी, आणि छताला चिकटपट्टीने धरून ठेवावी.